डॉक्सिसायक्लिनने ताप उतरला, पण छातीत जळजळ होते. कॅप्सूल बंद करावी का?

आपल्या वडिलांना काटोलजवळच्या शेतात गवत कापल्यानंतर ताप आला, डॉक्टरांनी स्क्रब टायफसचे (गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाचे) निदान करून डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) 100 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सात दिवसांसाठी लिहून दिली, दोन दिवसांत ताप उतरला आणि आता छातीत जळजळ होत असल्याने ते कॅप्सूल घ्यायला तयार नाहीत, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात धंतोलीला औषधाचे दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तरीही कॅप्सूल परस्पर बंद करू नये, एवढे मी निःशंकपणे सांगेन.

48 तासांच्या आसपास ताप उतरणे ही औषध लागू पडल्याची खूण आहे, आजार संपल्याची नव्हे. या रोगाचा जिवाणू शरीरातील पेशींच्या आत राहतो. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः त्याची वाढ रोखते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. मध्येच औषध सोडल्यास ताप उलटू शकतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने माणसे दगावली होती, म्हणून त्याला साधा ताप समजू नये. कोर्स किती दिवसांचा, हे ठरवणे किंवा बदलणे डॉक्टरांचेच काम.

आता जळजळीविषयी. आपल्याकडे लगेच ‘औषध गरम पडले’ असे म्हणतात, पण दुकानात अशी तक्रार आली की मी आधी कॅप्सूल कशी घेता ते विचारतो, आणि उत्तर बहुधा एकच असते: रात्री जेवण आटोपल्यावर, अंथरुणावर बसून, घोटभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवे. अशी घेतलेली कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटून विरघळते, तिच्यातील औषध आम्लधर्मी असल्याने तेथील आतले अस्तर पोळते आणि कधी कधी व्रणही होतो. म्हणून संध्याकाळची कॅप्सूल झोपायच्या वेळेपर्यंत न लांबवता जेवणासोबत, ताठ बसून, भरलेल्या पेल्याएवढ्या साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, आडवे होऊ नये. ती फोडून पावडर घेण्याचा प्रयोग करू नये.

जळजळ शमवायला घरचे लोक त्याच वेळी पातळ अँटासिड पाजतात, तिथे दुसरी चूक होते. त्यातील अॅल्युमिनियम व मॅग्नेशियम, तसेच कॅल्शियम, लोह किंवा झिंकच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. वडील कॅल्शियमची गोळी घेतात असे आपण लिहिले आहे. ती या दिवसांत दुपारी द्यावी, म्हणजे दोन्हींमध्ये आपोआप काही तासांचे अंतर राहील. अँटासिड द्यावेच लागले तर तेही दोन-तीन तास सोडून. दुधाचा अडथळा त्या मानाने कमी असतो, तरी कॅप्सूल दुधाबरोबर गिळू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एखादी मात्रा राहिली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी, पण एकदम दोन घेऊ नयेत. या औषधावर असताना ऊन लवकर बाधते, आणि आपल्याकडचे पावसाळा सरतानाचे ऊन काही सौम्य नसते. तेव्हा शेतात जायचेच झाले तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा हवा. गिळताना छातीत कळ येणे, अंगावर पुरळ किंवा तोंडावर सूज, धाप, रक्तमिश्रित जुलाब, तीव्र डोकेदुखीसह अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या कॅप्सूलची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

आपल्यालाही कणकण वाटते म्हणून वडिलांच्या पट्टीतील दोन कॅप्सूल घेऊ का, असे आपण शेवटी विचारले आहे. घेऊ नयेत. त्यांचा कोर्स अपुरा पडेल, आणि या दिवसांतला ताप डेंग्यूचा किंवा इतर विषाणूंचा असला तर या औषधाचा काही उपयोग नाही. पट्टीवरची लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे सांगण्यासाठीच असते. आपणही शेतात गेला असाल तर काख, जांघ, कंबरपट्ट्याखाली किडा चावल्या जागी बिडीच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का ते पाहावे. ती बहुधा दुखत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. सापडली तर डॉक्टरांना दाखवावी, आणि न सापडली तरी शेतात गेल्याचे व वडिलांच्या निदानाचे त्यांना सांगावे, कारण ही खपली प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही.