सनद, फाइल आणि तीन पायऱ्या

या वेळी वाचकांची चार पत्रं घेतली आहेत. वकिली व्यवसायात कोण येतं, कोण टिकतं आणि कोण दारातूनच परत जातं, हा चौघांचाही प्रश्न आहे.

प्रश्न : मुलगी यंदा एलएल.बी. झाली. सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) जबलपूरला पंधरा-वीस हजार लागतात, असं ओळखीचे वकील सांगतात. आमची परिस्थिती बेताची आहे. एवढे भरावेच लागतात का? – एक पालक, राजेंद्र नगर, इंदूर

नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961च्या कलम 24मध्येच रक्कम लिहिलेली आहे. राज्य विधिज्ञ परिषदेचे (तीच जबलपूरला आहे) 600 आणि भारतीय विधिज्ञ परिषदेचे 150, मिळून 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 100 अधिक 25, म्हणजे 125. मुद्रांक शुल्क असेल तर ते वेगळं. नोंदणीच्या वेळी यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार प्रकरणात सांगितलं. तुमच्या ओळखीच्या वकिलांचं खोटं नाही, त्यांच्या वेळी तेवढे लागतही असतील. पण निकाल पुढच्या काळासाठी आहे, त्यामुळे त्यांचे पैसे काही परत यायचे नाहीत. 'ऐच्छिक' म्हणून मागण्याची वाटही ऑगस्ट 2025मध्ये बंद झाली. तरी कुणी मागितलेच, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी विचारा आणि पावती घ्या.

125 रुपयांचा लाभ घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्याचं आधी पाहा. अर्ज इथेच अडकतात. महाराष्ट्रातून आलेल्या घरांत आजोबा इथे कधी आले, हा प्रश्न निघतोच. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख धरतात. त्याआधी कुटुंब इथे राहत होतं याचा कागद (शाळेचा दाखला, जुनी नोंद, काहीही) शोधून ठेवा.

पुढे बार परीक्षा आहे, म्हणजे नोंदणीनंतर वकिली करत राहण्यासाठीची पात्रता परीक्षा. 100 प्रश्न, उणे गुण नाहीत. उत्तीर्ण व्हायला 45 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 40. ती मराठीतूनही देता येते. पण मुलीने कायदा हिंदीतून वाचला असेल तर हिंदीच घ्यावी. 'प्रतिज्ञापत्र' आणि 'शपथपत्र' यांत अडखळायला परीक्षेत वेळ नसतो.

प्रश्न : माझ्या ऑफिसात पाच ज्युनिअर होते. त्यातल्या दोघी मुली दोन वर्षांच्या आत सोडून गेल्या. मी भेदभाव करत नाही. मग चुकतं कुठे? – एक वकील, स्नेहलतागंज, इंदूर

आठवणीवर ठरवू नका, वही घाला. तीन महिने रोज सात रकाने भरा : तारीख, कोर्ट, प्रकरण, मसुदा कुणी केला, कोर्टात उभं राहून कोण बोललं, अशिलाशी कोण बोललं, नकलांसाठी कोण धावलं. मग पाचवा आणि सहावा रकाना नावानिशी मोजा.

बहुतेक ऑफिसांत निघतं ते असं : मुलींकडे मसुदे, तारखांची यादी आणि कौटुंबिक न्यायालय, मुलांकडे जामीन आणि उलटतपासणी. यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. इंदूरची ऑफिसं कोर्ट उठल्यावर भरतात. जामिनाचं काम घेऊन माणसं रात्री साडेआठला येतात, त्या वेळी जो समोर असतो त्याच्या हातात फाइल पडते आणि सकाळी तोच उभा राहतो. घरी लवकर पोचावं लागणारी मुलगी अशा दीडशे फाइलींना मुकली की दोन वर्षांनी तिला कुणी विचारत नाही. मग 'लग्न झालं म्हणून सोडलं' एवढंच आपल्या लक्षात राहतं.

उपाय वेळापत्रकातच आहे. अशिलांना साडेपाच ते साडेसात बोलवा. उशिरा येणाऱ्या कामाची पाळी लावा, आणि ज्यांना थांबणं जमत नाही त्यांना सकाळी आठची पाळी द्या. फाइल पाळीप्रमाणे वाटा, समोर कोण आहे ते पाहून नको. ज्याने मसुदा केला, पहिली पेशी (सुनावणी) त्याचीच. मुदत मागणं हे बोलणं धरू नका. तीन महिन्यांत प्रत्येकाला निदान एका साध्या साक्षीदाराची उलटतपासणी मिळावी. अशील कुरकुरतील, "मॅडम नको, साहेबच हवेत" म्हणतील. तिथे तुम्ही पहिली पाच मिनिटं शेजारी बसलात की पुरतं.

पैशांचं सांगायचं तर भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024मध्ये शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन सुचवलं. ते बंधनकारक नाही, आणि ऑफिसं त्याचाच आधार घेऊन हात वर करतात. तेवढं झेपत नसेल तर झेपेल तो आकडा ठरवा, पण दर महिन्याच्या 5 तारखेला बँकेत टाका आणि पेट्रोल-झेरॉक्स वेगळं द्या. फुकट राबणं त्यालाच परवडतं ज्याच्या घरात आधीच कुणी वकील आहे.

वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) ज्युनिअरचंही नाव घाला. 20 मे 2025च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. दहा वर्षं झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. कागदावर नावच नसेल तर ती मुलगी काय दाखवणार?

नवीन माणूस घेताना 'आपल्यातला आहे' हे पुरेसं मानू नका. सगळ्यांना एकच जुनी फाइल द्या, 40 मिनिटांत घटनाक्रम लिहायला सांगा आणि नाव झाकून तपासा. आणि एक आपल्या मराठी ऑफिसांचं : तिघं मराठीत बोलत असतील आणि झाबुआहून आलेला, मराठी न कळणारा चौथा नुसता बसून असेल, तर प्रकरणाची चर्चा हिंदीत करा. चहा मराठीत प्या.

लैंगिक छळाच्या 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण दाखवल्यास आणखी तीन. टायपिस्ट, कारकून, इंटर्न यांना हा कायदा सरळ लागू आहे. ज्युनिअर वकील 'कर्मचारी' ठरते का, यावर मात्र वाद होतो. म्हणून तक्रार कुणाकडे करायची हे ऑफिसातच लिहून लावा, आणि ती व्यक्ती तुम्ही स्वतः असू नये.

प्रश्न : मुलगा दृष्टिहीन आहे, कायद्याचा पदवीधर आहे. मध्य प्रदेशात त्याला न्यायाधीशाची परीक्षा देता येत नाही, असं कॉलेजात सांगितलं. – एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

ते जुनं झालं. मध्य प्रदेशच्या 1994च्या न्यायिक सेवा नियमांतला 6-अ हा दृष्टिहीनांना वगळणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2025 रोजी रद्द केला. त्याची सुरुवात एका आईनेच लिहिलेल्या पत्रातून झाली होती. लेखनिक घेतल्यास ताशी किमान 20 मिनिटं जादा मिळतात. तो अर्ज फॉर्मसोबतच करा, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ नको.

रोजच्या कामात अडतं ते फॉन्टशी. इथले हिंदी मसुदे अजून सर्रास कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. पडद्यावर 'इंदौर' दिसतं, पण आत bankSj अशी इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला 'बँक-एस-जे' म्हणतं. फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्कॅन केलेले कागद 300 डीपीआयला, सरळ ठेवून, हिंदी ओसीआर करून (म्हणजे चित्रातला मजकूर अक्षरांत बदलून) घ्या. शिक्का मजकुरावर पडला असेल तर ती ओळ कुणीतरी हाताने टाइप करायची, दुसरा इलाज नाही.

प्रश्न : आमच्या बार रूमला (कोर्टातल्या वकिलांच्या खोलीला) तीन पायऱ्या आहेत. एक सहकारी व्हीलचेअर वापरतात, दोघं मिळून त्यांना उचलतात. फळी टाकली तर चालेल? – एक वकील, इंदूर

फळी नको. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर उंची. दोन मीटरच्या फळीवर चढ इतका खडा होतो की खुर्ची मागे कलंडते. प्रमाण 1 : 12 आहे, म्हणजे 5.4 मीटर लांब उतार. रुंदी किमान 1.2 मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली दीड मीटर सपाट जागा आणि दार 90 सेंटिमीटर मोकळं. जागा कमी असेल तर उतार काटकोनात वळवा, वळणावर सपाट चौक ठेवून. गुळगुळीत कोटा दगड लावू नका, पावसाळ्यात तो निसरडा होतो.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016चा हवाला देऊन बार असोसिएशन आणि जिल्हा न्यायाधीश, दोघांना लेखी अर्ज द्या, मोजमाप आणि फोटो जोडून. उतार होईपर्यंत बैठका तळमजल्यावरच्या, पायरी नसलेल्या खोलीत घ्या.