वाचक विचारतात : दातांचं जुनं सोनं विकताना रिफायनर कसा निवडावा?

प्रश्न : इंदूरला रामबागेत आमचा दातांचा दवाखाना आहे. रुग्णांनी परत न नेलेले जुने क्राउन (दातांवरच्या टोप्या) आणि ब्रिज (जोडटोप्या) बरणीत साठले आहेत. काही पिवळे, बरेचसे पांढरे, काहींवर सिरॅमिक. एक फिरता खरेदीदार ग्रॅमला सरसकट एकच भाव सांगतो. सराफ्यातला व्यापारी मशीनवर बघून ‘सोन्याचे ९८ टक्के देतो’ म्हणतो. मुंबईची एक रिफायनरी (धातू शुद्ध करणारी कंपनी) सोन्याचे ९५ टक्के देते, वर ३,००० रुपये शुल्क लावते. कुणाला द्यावं?

उत्तर : फिरत्या खरेदीदाराला तर नकोच. सरसकट भाव लावताना तो बरणीतला सगळ्यात हलका तुकडा डोळ्यापुढे ठेवतो आणि भारी तुकडेही त्याच भावात नेतो. बाकीच्या दोघांत मात्र ९८ आणि ९५ हे आकडे बघून निवड करू नका. माल वितळल्यावर वजन किती धरलं आणि नमुना कसा घेतला, यावर तुमचे पैसे ठरतात.

आधी घरचं काम. अमाल्गम (दातांतला पारा-चांदीचा भराव) चिकटलेले तुकडे बाजूला काढा, उरलेला माल ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. इम्प्लांटचे स्क्रू यात घालू नका; ते टायटॅनियमचे असतात आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या निळ्या वर्गात जातात. मग सिरॅमिक फोडा : जाड कापडात गुंडाळून हातोडीचे हलके ठोके, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. सिरॅमिक आणि सिमेंट भट्टीत गेलं की दाट मळी होते, तिच्यात धातूचे बारीक मणी अडकतात आणि मळीबरोबर फेकले जातात.

नंतर निवड. चुंबकाला ओढला गेलेला तुकडा बाद. पण न ओढला गेलेला मौल्यवान असेलच असं नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या क्राउनांत निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियम मुबलक असतात, त्यांना रिफायनरकडे किंमत नाही. पिवळा रंगही फसवतो. तांबे-ॲल्युमिनियमचं मिश्रण पिवळंच दिसतं, आणि टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा तर सोन्यासारखा चमकतो. कानशीने खोल खाच पाडा, आतला रंग बघा.

त्याहून भरवशाची परीक्षा घनतेची. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. एकसारखे दिसणारे तुकडे एकत्र दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवा. ते तळाला टेकता कामा नयेत आणि क्राउनच्या पोकळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कोरडं वजन भागिले काट्यावरचा आकडा म्हणजे घनता. कोरडं वजन १२.४० ग्रॅम आणि काट्यावर ०.७८ आलं तर घनता १५.९, म्हणजे सोन्याचं प्रमाण चांगलं. तेवढ्याच वजनाला १.४८ आलं तर ८.४, म्हणजे निकेल-क्रोमियमचा माल. १० ते ११च्या आसपास आलं तर चांदी-पॅलेडियमची (पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या जातीचा मौल्यवान पांढरा धातू) शक्यता धरा आणि ते तुकडे वेगळ्या पुडीत ठेवा. सिमेंट चिकटलेलं असलं तर आकडा खाली येतो, हे लक्षात असू द्या.

आता सराफ्यातलं मशीन. एक्स-रेचं हे यंत्र धातूचा फक्त वरचा थर वाचतं, तोही केसाच्या जाडीहून कमी खोलीचा. न वितळवलेल्या क्राउनवरचा त्याचा आकडा अंदाज म्हणून ऐकावा, सौदा त्यावर करू नये. शिवाय दागिन्यांसाठी बसवलेलं मशीन सिरॅमिकखालच्या मिश्रधातूतल्या इंडियम-गॅलियमने गोंधळू शकतं. कसोटीच्या दगडाचीही तीच गत. पॅलेडियम सोन्याचा रंग झपाट्याने उडवतं, म्हणून कस फिका उतरतो आणि भाव खाली येतो.

म्हणून पहिली अट ही, की माल तुमच्यासमोर वितळायचा. वजनं तीन वेळा लिहून घ्या : आणलेला माल, उरलंसुरलं सिरॅमिक काढल्यावर आणि लगड ओतल्यावर. मूस (धातू वितळवायचं भांडं) नवी असावी, निदान टाकणखाराने धुऊन घेतलेली. जुन्या मुशीच्या भेगांत धातू बसतो, तो तुमचा असतो. मळी फेकू देऊ नका. ती कुटून तिच्यातले मणी वेचायला लावा. नमुना वितळलेला धातू ढवळून त्यातूनच काढलेला उत्तम. लगडीतून घ्यायचा तर वरून एका कोपऱ्यात आणि खालून समोरच्या कोपऱ्यात ड्रिल मारावं, कारण लगड सावकाश निवली की धातू थोडे वेगळे होऊन बसतात. नमुन्याचे तीन भाग करा : एक रिफायनरचा, एक तुमचा आणि एक दोघांच्या सहीने सीलबंद. आकड्यांत तफावत आली तर सीलबंद भाग तिसऱ्या प्रयोगशाळेत जाईल आणि तिचा निकाल दोघांनी मानायचा, हे आधीच लिहून घ्यावं. सोन्यासाठी ‘फायर असे’ (भट्टीत तापवून केलेली कसाची तपासणी) आणि पॅलेडियम-प्लॅटिनमसाठी ‘आयसीपी’ (यंत्रावरची रासायनिक तपासणी) मागा. मालात पॅलेडियम आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगा. ते धरलं नाही तर फायर असेचा सोन्याचा आकडाही चुकू शकतो.

हे सगळं ऐकून जो वैतागतो, त्याच्याकडे माल देऊ नका. देशभरच्या सराफ बाजारांत गलाईचा (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) धंदा करणारी पुष्कळ मंडळी सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली आहेत, तेव्हा बोलणं मराठीतच होईल. तरी गाववाले म्हणून पावतीचा संकोच नको. आणि सराफ्यात सकाळीच जा. रात्री तिथे दुकानांपुढे चाटचा बाजार भरतो; ती वेळ झाली की दुकानदाराला ओटा मोकळा करायची घाई असते, मळी कुटत बसायला कुणाला सवड नसते.

आता हिशेब. समजा आणलेला माल ६२ ग्रॅम, लगड ५१ ग्रॅम आणि तिच्यात सोनं ५८ टक्के, पॅलेडियम ६, चांदी १८. म्हणजे सोनं २९.५८ ग्रॅम, पॅलेडियम ३.०६, चांदी ९.१८. भाव सोयीसाठी गोल धरू : सोनं ग्रॅमला १०,००० रुपये, पॅलेडियम ४,०००, चांदी १५०. सराफ्यातला व्यापारी फक्त सोन्याचे ९८ टक्के देतो : २,८९,८८४ रुपये. मुंबईवाला सोन्याचे ९५, पॅलेडियमचे ८५ आणि चांदीचे ८० टक्के देतो असं धरलं, तर शुल्क वजा जाता २,८९,५१६ रुपये. फरक चारशेचाही नाही. पण मळीत आणि मुशीत लगडीचा एकच ग्रॅम राहिला तर ५,८०० रुपयांचं सोनं गेलं. टक्क्यांची घासाघीस त्यापुढे किरकोळ आहे. अशा पिवळ्या मालासाठी इंदूर सोडायची गरज नाही, समोर वितळवणारा माणूस मिळाला म्हणजे झालं. भाव मात्र कोणत्या दिवशीचा आणि किती वाजताचा धरणार, ते माल देण्याआधी ठरवा.

प्रश्न : आमची डेंटल लॅब आहे. जुन्या काळातली ओतकामाची पांढरी बटणं आणि स्प्रू (साच्यात धातू ओतल्यावर उरलेले गोळे आणि कांड्या) पडून आहेत. सराफ्यात दोघांनी ‘हे स्टील आहे’ म्हणून परत केली. टाकून द्यावीत का?

उत्तर : टाकू नका, आधी जुनी पाकिटं आणि बिलं शोधा. सिरॅमिक चढवण्यासाठी वापरले जाणारे काही मिश्रधातू निम्मे सोनं आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास पॅलेडियमचे असतात, तरी दिसायला शुभ्र पांढरे. सराफ्याच्या नजरेला ते स्टीलच. पाकिटावर घटकांची टक्केवारी छापलेली असते. बटणं लॅबच्या कपाटातली आणि मिश्रधातू माहीत असलेली, म्हणून हा माल तोंडातून निघालेल्या क्राउनांपेक्षा स्वच्छ. तो क्राउनांत मिसळून वितळवू नका.

वरचेच भाव धरून ४० ग्रॅम चांदी-पॅलेडियमची बटणं घेऊ : पॅलेडियम ३० टक्के, चांदी ६० टक्के. चांदी म्हणून विकलीत तर फार तर ३,६०० रुपये. पॅलेडियमचे पैसे देणाऱ्या रिफायनरकडे शुल्क वजा जाता ४०,६८०. इथे मुंबईची वारी परवडते.

तेजाबात चांदी उतरवणाऱ्याला हा माल अजिबात देऊ नका. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदीबरोबर पॅलेडियमही विरघळतं. मीठ टाकून चांदी पाडली की पॅलेडियम द्रावणातच राहतं आणि मोरीत जातं.

निकेल-क्रोमियमची बटणं खरंच भंगार आहेत. ती घासत बसू नका; काही जुन्या मिश्रणांत बेरिलियम असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. लॅबच्या पॉलिशिंगच्या धुळीतून सोनं काढून देतो म्हणणारे भेटतील. ज्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं निकेल-क्रोमियमच घासलं गेलं, तिथे त्या धुळीत काही हाती लागत नाही.

प्रश्न : चांदी महागली आहे. काढलेल्या अमाल्गमच्या भरावात चांदी असते ना? तेही विकता येईल?

उत्तर : चांदी असते, पण भरावाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. भट्टीत घातलं की पाऱ्याची वाफ होते; वितळवणारा ती श्वासातून घेतो आणि शेजारचे दुकानदारही. सराफ्यात नेऊ नका, ऑटोक्लेव्ह करू नका, ब्लीचमध्ये बुडवू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत साठवून, वर ‘पारा’ लिहून, पाऱ्याचा कचरा घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या. अमाल्गम भरलेला काढलेला दातही याच बरणीत.

प्रश्न : आजोबांचा एक सोन्याचा दात घरात आहे, तीनेक ग्रॅमचा. रिफायनरीला पाठवावा का?

उत्तर : एका तुकड्याला रिफायनरीचं किमान शुल्कच जड जाईल. ओळखीच्या सोनाराकडून आतलं सिमेंट आणि दाताचा भाग काढून घ्या, समोर गोळी करून कस लावून घ्या आणि त्या गोळीच्या वजनावर भाव घ्या. २२ कॅरेट निघेल असं मात्र धरून चालू नका. दातांचं सोनं चावण्याच्या दाबाला टिकावं म्हणून कठीण केलेलं असतं, बरेचदा १६ ते २० कॅरेटचं.

प्रश्न : पैसे रोख घ्यावेत का? आणि माल मुंबईला कसा पाठवावा?

उत्तर : पैसे खात्यातच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि व्यवहार २ लाखांवर गेला की पॅन द्यावा लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या लॅबने टॅक्स इन्व्हॉइस करावं. क्राउन परत हवा का हे रुग्णाला विचारून केस पेपरवर नोंदवत जा. तो धातू त्याचा आहे, आणि उद्या विचारणा झाली तर उत्तर कागदावर असेल.

पाठवताना साधं कुरिअर नको, त्याची भरपाई पार्सलच्या किमतीच्या आसपासही जात नाही. मौल्यवान धातूंची विम्यासह वाहतूक करणारी सेवा घ्या. सीलबंद पिशवी काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा, आणि रिफायनरने पिशवी उघडण्याआधी वजन करून ते कळवावं, ही अट मालासोबतच्या चलनावरच लिहा.