वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्याच्या लिलावात समोर बोली लावतंय कोण?

प्रश्न : ईबे या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन लिलावात लायका एम३ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यासाठी मी चार दिवस आधीच ९०० डॉलरची कमाल बोली टाकली. भाव ६२० वर होता. एकाने तो चढवत ९१० वर नेला आणि लगेच बोली मागे घेतली. शेवटी कॅमेरा मला बरोबर ९०० ला पडला. समोरचा डीलर होता की विक्रेत्याचाच माणूस?

उत्तर : ही डीलरची चाल वाटत नाही. कमाल बोली म्हणजे तुमची वरची मर्यादा; तिच्या आत राहून ईबे तुमच्या वतीने गरजेपुरताच भाव चढवतं. ती गुप्त असते आणि ओलांडल्याशिवाय कोणाला कळत नाही. ईबेवर ५०० ते १००० डॉलरच्या टप्प्यात बोली १०-१० ने चढते. त्याने ८५० टाकले की भाव ८६०; ९१० टाकले की तुम्ही मागे. तुमचा आकडा फुटला. बोली मागे घेताच भाव पुन्हा ६२० वर येतो, मग दुसऱ्या खात्यावरून ८९० टाकले की तुम्ही थेट ९०० वर. ‘चुकून जास्त आकडा टाकला’ हे कारण नियमात बसतं, म्हणून हीच पळवाट वापरली जाते.

डीलर वेगळा वागतो. दुरुस्तीचा खर्च आणि आपला नफा वजा करून तो आकडा ठरवतो, शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली लावतो आणि हरला तर सोडून देतो. तो अनेक विक्रेत्यांकडे दिसतो. बोलीच्या इतिहासात त्या खात्यावर टिचकी मारा : गेल्या ३० दिवसांतल्या किती टक्के बोल्या याच विक्रेत्याकडे आहेत आणि किती मागे घेतल्या, हे दिसतं. दोन्ही आकडे मोठे असतील तर तक्रार कराच. नुसत्या टक्केवारीवर मात्र ठपका ठेवू नका. एकाच प्रकारचे कॅमेरे जमवणारा माणूसही एकाच विक्रेत्याकडे वारंवार येतो.

आणि पुढच्या वेळी चार दिवस आधी बोली नको. अखेरच्या आठ-दहा सेकंदांत एकदाच टाका. तुमचा आकडा चाचपायला कोणाला वेळच उरत नाही. तो आकडा ठरवताना खरोखर विकल्या गेलेल्या, त्याच अवस्थेतल्या कॅमेऱ्यांचे भाव बघा. मागितलेली किंमत हा भाव नव्हे. तडजोडीने सौदा झाला असेल तर विकलेल्यांच्या यादीत रेघ मारून खोडलेला दिसणारा आकडाही खरा नसतो.

प्रश्न : लिलाव हरलो, दोन दिवसांनी विक्रेत्याने ‘विजेत्याने पैसे भरले नाहीत’ म्हणून माझ्या ७८० च्या बोलीवर कॅमेरा देऊ केला. घ्यावा का?

उत्तर : ७८० ला नाही. त्या विजेत्याच्या सगळ्या बोल्या वगळून हिशेब करा. तुमच्या खालची बोली ५४० ची असेल तर कॅमेरा तुम्हाला ५५० ला मिळाला असता. विक्रेत्याला तोच आकडा कळवा. त्याने नकार दिला तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर ॲक्सेसरी शूच्या (फ्लॅश वगैरे अडकवायच्या खाचेच्या) जवळ कोरलेला अनुक्रमांक टिपून ठेवा आणि तोच कॅमेरा पुन्हा लिलावात येतो का, कोण बोली लावतं, यावर लक्ष ठेवा.