ब्रुगमॅन्शियाचे बोंड धरताना

तुमच्या ब्रुगमॅन्शियाला, म्हणजे धोतऱ्याच्या कुळातल्या, कर्ण्यासारखी लोंबती फुले येणाऱ्या झाडाला, फुले भरपूर येतात, पण बोंड एकही धरत नाही, याचे कारण खतात शोधू नका. उष्ण हवेत वाढणाऱ्या बहुतेक जाती स्वतःचे परागकण स्वीकारत नाहीत, आणि एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली दोन झाडे मुळात एकच असल्यामुळे तुम्हाला वेगळ्या वाणाचे झाड मिळवावे लागेल. सुआव्हिओलेन्स, ऑरिया आणि व्हर्सिकलर या उष्ण हवेतल्या जातींचा आपसांत संकर होतो. कँडिडा हा ऑरिया व व्हर्सिकलर यांचाच संकर आहे. थंड हवेत वाढणाऱ्या सँग्विनियाच्या गटाशी मात्र त्यांचा संकर सहसा जमत नाही, आणि आपल्या विदर्भाच्या उन्हात ती झाडे टिकणेही कठीण.

संकर पोळ्यानंतर, पावसाची उघडीप पाहून करावा असे माझे ठाम मत आहे, कारण बोंड पिकायला पाच-सहा महिने लागू शकतात आणि ते मे महिन्याच्या झळांपूर्वी उतरले पाहिजे. फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीची नळी अलगद चिरून पुंकेसर काढा, दुसऱ्या संध्याकाळी कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, दुसऱ्या वाणाचे परागकण चोळा आणि देठाला दोन्ही वाणांची नावे लिहिलेली चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवाचून त्या बियाण्याला संकरकाराच्या दृष्टीने किंमत नाही.

हे बोंड धोतऱ्यासारखे काटेरी नसते व तडकतही नाही. हिरवेपणा जाऊन ते सुरकुतले की काढावे. बी बुचासारख्या जाड सालीत असते; रात्रभर भिजवून ती साल सोलली तर उगवण लवकर होते. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला, डोळे चोळू नका आणि बोंडे मुलांच्या हाती वा शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका.