इन्व्हर्टरवर चार्जर चालतो, कटर चालत नाही

प्रश्न : आम्ही चौघे देवरुख-साखरपा भागात फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनची कामं घेतो. अधूनमधून ग्रिल, रेलिंगही करतो. सगळ्या मशिनी वायरच्या आहेत. पावसाळ्यात वीज गेली की दिवस फुकट जातो, म्हणून यंदा कॉर्डलेस घ्यायचं ठरवलंय. दुकानात १२, १८, २०, २१ व्होल्टच्या मशिनी दाखवल्या. एका खोक्यावर तर ८८ व्होल्ट लिहिलेलं होतं. बॅटरी २ अँपिअरची घ्यावी की ५ ची? कंपनी कुठली? सगळ्याच मशिनी बदलाव्यात का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पैसे तिथेच वाचतात. सगळ्या मशिनी बदलू नका.

बॅटरीत किती काम भरलेलं असतं याचा हिशेब एका गुणाकाराचा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास (बॅटरीच्या बाबतीत आपण नुसतं 'अँपिअर' म्हणतो ते हेच). १८ व्होल्ट, ५ अँपिअरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. आता तुमचा वायरचा ४ इंची ग्राइंडर साधारण ७०० वॉटचा असेल. तेवढ्या ताकदीनं तो सलग चालवला, तर ९० वॉट-तास पावणेआठ मिनिटांत संपतात. १२०० वॉटच्या मार्बल कटरला साडेचार मिनिटं. ब्रशलेस मोटर घेतली आणि हात हलका ठेवला तर थोडं जास्त चालेल, पण ग्रॅनाइटचा ओटा कापायला बॅटरीवर विसंबून राहायचं नाही. उलट जिप्सम बोर्डाला स्क्रू मारणारी मशीन एका स्क्रूला दोन सेकंदसुद्धा चालत नाही. तिला छोटी बॅटरी चहापासून जेवणापर्यंत पुरते.

म्हणून मी कामाचे दोन ढीग करते. स्क्रू, भोक, कब्जे, चॅनेल हे बॅटरीवर. कापणं आणि घासणं वायरवर. तुमच्या ग्रिलच्या कामात वेल्डिंगला वीज लागणारच, मग तिथे ग्राइंडर बिनवायरचा असून काय उपयोग? रेलिंग बसवताना जागेवर दोन-चार काप मारावे लागतात. त्यासाठी पुढच्या वर्षी ग्राइंडरची नुसती बॉडी घ्या, बॅटऱ्या तुमच्याकडे तोवर असतीलच.

आणि वीज नसताना बॅटरी भरायची कुठे? गिऱ्हाइकाच्या घरच्या इन्व्हर्टरवर. आपल्या भागात बंगल्यांमध्ये बहुतेक १५० अँपिअरची १२ व्होल्टची बॅटरी असते, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्याच्यावर तुमचा मार्बल कटर चालवायला गेलात तर इन्व्हर्टर बोंबलेल आणि गिऱ्हाईकही. पण साधा चार्जर एखाद्या बल्बइतकी वीज घेतो आणि मोठा फास्ट चार्जरसुद्धा मिक्सरपेक्षा कमीच. गणपतीच्या आधी पंधरा दिवस प्रत्येकाला सीलिंग पुरं करून हवं असतं आणि नेमका तेव्हाच पाऊस तारा पाडतो. त्या पंधरा दिवसांत कॉर्डलेसनं माझी किती कामं वेळेवर उभी राहिली ते मीच जाणते. मालकाला आधी विचारून घ्या, एवढंच.

आता व्होल्ट. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. असे पाच एकामागे एक लावले की १८. तेच पाच सेल काठोकाठ भरल्यावर २० ते २१ दाखवतात. म्हणून एका कंपनीच्या खोक्यावर १८ असतं, दुसरीच्या खोक्यावर २० मॅक्स असतं, आणि आत सेल पाचच. १२ चं गणितही तसंच : तीन सेल, खरे १०.८. खोक्यावरचं ८८ हे नुसतं स्टिकर आहे. ४८, १२८ असंही छापतात. आत बघाल तर तेच पाच सेल, आणि कित्येकदा दीड अँपिअरचे. असल्या मशीनला हात लावू नका.

२ की ५? दोन्ही घ्या, पण का ते समजून घ्या. २ अँपिअरच्या १८ व्होल्ट बॅटरीत पाच सेल असतात. ५ अँपिअरच्या बहुतेक बॅटऱ्यांत दहा असतात, दोन-दोनच्या जोडीनं. म्हणजे हॅमर जोरात ओढायला लागला की तो भार दोन सेल वाटून घेतात. त्यामुळे तीच मशीन मोठ्या बॅटरीवर नुसती जास्त वेळ चालत नाही, जोरातही चालते. छोटी बॅटरी लावून स्लॅबला भोकं पाडत बसलात तर ती तापून मध्येच बंद पडते. मात्र मोठी बॅटरी सुमारे पाव किलोनं जड असते. दिवसभर डोक्यावर हात करून बोर्ड मारणाऱ्या पोराच्या खांद्याला तो पाव किलो संध्याकाळी कळतो. माझ्या पोरांना सीलिंगला मी २ चीच देते.

तुमच्या चौघांसाठी माझी यादी अशी. क्लचवाली (ठरावीक जोरानंतर आपोआप सुटणारी) ड्रिल-ड्रायव्हर एक, इम्पॅक्ट ड्रायव्हर (फिरवताना झटके देत स्क्रू आवळणारी) एक, एसडीएसची (बिट खाचेत अडकणारी, भोकाला मार देणारी) हॅमर एक. बॅटऱ्या चार : दोन ५ च्या, दोन २ च्या. किचनचे कब्जे आणि ड्रॉवरचे चॅनेल क्लचवाल्या मशीननंच बसवा. पार्टिकल बोर्डात इम्पॅक्ट लावला की स्क्रू आतल्या आत फिरतो, भोक पोकळ होतं आणि सहा महिन्यांनी दार लोंबतं. हॅमर मात्र खरी एसडीएस घ्या. किटमधल्या ड्रिलवर हातोडीचं चित्र असतं, त्यावर भुलू नका. ती विटेला ठीक, स्लॅबला नाही. २ ज्यूलच्या आसपास मार असलेली कॉर्डलेस हॅमर सीलिंगच्या ६ आणि ८ मिलीमीटरच्या फास्टनरला पुरते. तोडफोडीला ती वापरू नका, त्याला वायरचीच.

आपल्याकडच्या चिऱ्याबद्दल एक सांगते, कारण हे कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. जांभ्याच्या भिंतीत हॅमर चालू करूच नका. दगड मऊ आणि सच्छिद्र. मार बसला की भोक फुलतं आणि गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) गरगर फिरते. नुसतं फिरतं ड्रिल, साइजपेक्षा एक मिलीमीटर बारीक बिट, आणि लांब गिट्टी. माझे वडील सुतार होते. ते हातड्रिलनं जांभ्यात भोक पाडायचे आणि त्यात सागाची खुंटी ठोकायचे. त्यांनी बसवलेली फळीकपाटं आमच्या घरात अजून हललेली नाहीत.

कंपनीचं म्हणाल तर एकदा बॅटरीचा खाचा निवडलात की पुढची दहा वर्षं तुम्ही त्या घरचे. एकीची बॅटरी दुसरीला बसत नाही. माकिटाची १८ व्होल्टची बॅटरी २००५ मध्ये आली. तो खाचा अजून चालू आहे. बॉशची निळी, धंद्याची १८ व्होल्टची ओळ २००८ पासून तशीच धरून आहे, पण त्यांचीच हिरवी, घरगुती ओळ वेगळी. दुकानदारानं स्वस्तात हिरवी बॅटरी पुढे केली तर ती निळ्या मशीनला लागणार नाही. डीवॉल्टची २० मॅक्सही कामाला तोडीस तोड आहे. माझ्याकडे माकिटा आहे आणि मी खूश आहे. पण तुमच्या जागी मी आधी दोन गोष्टी विचारल्या असत्या : दुरुस्तीचं अधिकृत केंद्र देवरुखहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं कुठलं आहे, आणि गावातल्या इतर फिटरांकडे कुठल्या रंगाची बॅटरी आहे? अडल्या दिवशी शेजारच्याची बॅटरी उसनी मिळणं ही फार मोठी सोय आहे.

चार्जरमध्ये हात आखडू नका. २ अँपिअरचा चार्जर ५ ची बॅटरी भरायला अडीच तासांहून जास्त घेतो. ८-९ अँपिअरचा पाऊण तासाच्या आसपास. फास्ट चार्जर एक असला की चार बॅटऱ्यांत गाडं अडत नाही. तापलेली बॅटरी लावली तर चार्जर थांबून राहतो, तो बिघाड नव्हे. तिला सावलीत थंड होऊ द्या, पाण्याजवळ नेऊ नका. एप्रिल-मे मध्ये बंद टेम्पोत बॅटऱ्या ठेवू नका. गणपतीत काम बंद असतं तेव्हा बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी दोन लागतील इतक्या भरून डब्यात ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या नकोत. खाऱ्या हवेनं पितळी टोकांवर हिरवट धरतं, ती कोरड्या फडक्यानं पुसत जा.

शेवटचं, आणि यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. नकली बॅटरी घेऊ नका. २०१९ च्या पावसाळ्यात पावसजवळच्या एका बंगल्यावर आमची बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, प्लायच्या थप्पीवर. शहरातल्या एका दुकानातून निम्म्याहून कमी किमतीत घेतलेली, स्टिकर हुबेहूब. पहाटे ती वितळली. शेजारच्या खोलीत आमचा रंगारी झोपला होता, तो वासानं जागा झाला आणि त्यानं मेन बंद केला. दोन प्लाय जळाले. त्याला जाग आली नसती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. नंतर उघडून पाहिलं तर प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी आतली पट्टीच नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे : बॅटरी पक्क्या बिलावर, हातात तोलून, आणि चार्जिंग जागेपणी, फरशीवर.

प्रश्न : गोव्याहून विमानानं दिल्लीला फिटिंगच्या कामाला जायचं आहे. ड्रिल आणि बॅटऱ्या सामानात टाकू का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वेगवेगळ्या. मशीन आणि बिट चेक-इनच्या बॅगेत, सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनला चालत नाही आणि ड्रिल केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, म्हणजे १८ व्होल्ट ५ अँपिअरची (९०) जाते. ६ अँपिअरची १०८ होते. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीला आधी विचारून. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

प्रश्न : माझ्याकडे जुनी १४.४ व्होल्टची निकेल-कॅडमियमची मशीन आहे. एक मेकॅनिक त्याच खोक्यात लिथियमचे सेल बसवून देतो म्हणतोय. करावं का?
– एक वाचक, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर)

उत्तर : नको. निकेलचे बारा सेल काढून लिथियमचे चार घातले की व्होल्ट तेवढेच दिसतात, पण चार्जर जुनाच राहतो. तो बॅटरी भरली हे निकेलच्या खुणांवरून ओळखतो. त्या खुणा लिथियम देत नाही, मग तो थांबायचं सोडून भरतच राहील. मशीनची मोटर चांगली असेल तर मेकॅनिककडून तिला वायर आणि बाहेरून १४.४ व्होल्टचा पुरेशा ताकदीचा सप्लाय जोडून घ्या आणि टेबलावर वापरा. कॅडमियम विषारी आहे, जुना पॅक भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन मशीन घ्याल तेव्हा त्याच दुकानात जुना पॅक घेऊन जा आणि तो जमा करून घ्यायला सांगा.