दोनदा फॉरमॅट मारूनही निळा पडदा येतोय? मदरबोर्ड राहू द्या, आधी रॅम काढून बघा

तुम्ही सांगितलंत त्याचं सार असं: चार वर्षं जुना डेस्कटॉप, त्यात ८ जीबीची एक रॅम. महिन्यापूर्वी दुसऱ्या कंपनीची आणखी ८ जीबी टाकली. तेव्हापासून दिवसाआड निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्याचा संदेश. त्यावरचा कोड कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, फरक शून्य. आता मदरबोर्ड बदलू का, असं विचारताय.

नका बदलू, निदान एवढ्यात तरी. दोष रॅममध्ये किंवा ती बसवण्यात आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुमच्याच वर्णनात आहे.

दर वेळी तोच कोड आणि डंपमध्ये (क्रॅशच्या वेळी विंडोज जपून ठेवतं त्या नोंदीत) तीच ड्रायव्हर फाइल (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामची) दिसत असेल, तर मी ड्रायव्हरच्या मागे लागलो असतो. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ वारंवार आला की आधी ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर बघायचा, हे सरळ आहे. तुमच्याकडे मात्र कोड दर वेळी वेगळा. रॅममधली एखादी जागा खराब असली की तिथे आज विंडोजचा एक भाग येऊन बसतो, उद्या दुसरा. ज्याचा डेटा तिथे बिघडला तो कोसळतो, आणि पडद्यावर त्याच्या नावाचा कोड येतो.

नुसत्या कोडवरून निदान करू नये, याचं एक मोठं उदाहरण आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पाडली. तिथेही पडद्यावर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’च होता, पण त्या मशीन्सच्या रॅम ठणठणीत होत्या.

आणि ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये (डंप वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘एनटीओएसकर्नल’ असं नाव दिसलं म्हणून त्या फाइलच्या मागे लागू नका. तो विंडोजचा गाभा आहे आणि बहुतेक वेळा तो फक्त अपघात झाल्याचं कळवतो. तक्रार नोंदवायला आलेल्यालाच कोठडीत टाकण्यातला प्रकार.

फॉरमॅटचा उपयोग का झाला नाही, तेही बघा. विंडोज टाकताना प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर जाते. रॅम चुकत असेल तर नवं कोरं विंडोजही पहिल्या दिवसापासून बिघडलेलं असू शकतं. शिवाय सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या ‘मिनीडंप’मध्ये पुरावे असतात, ते दोन्ही वेळा पुसले गेले. यापुढे फॉरमॅटआधी ते पेनड्राइव्हवर काढून ठेवत जा.

आता काम. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग लावणारी सेटिंग) बंद करा. डीडीआर४ रॅमच्या स्टिकरवर ३२०० लिहिलेलं असलं तरी अनेकदा तो एक्सएमपीचा, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेला वेग असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) त्या वेगाला एकत्र टिकतीलच असं नाही, एकेकट्या नीट चालत असल्या तरी. एवढ्यानेच क्रॅश थांबले तर दोष जोडीचा. थोडा वेग सोडा आणि वापरत राहा.

नाही थांबले तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, चारही होऊ द्या. यात पासिंगचे मार्क नाहीत, एक एरर आली तरी नापास. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्टही आहे. तिने दोष दाखवला तर विश्वास ठेवा, ‘सगळं ठीक’ म्हणाली तर ठेवू नका.

एरर आली तर एकेक स्टिक एकटी लावून तीच टेस्ट. मग चांगली ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. कंटाळवाणं आहे, पण स्टिक खराब की स्लॉट, हे असंच कळतं.

माझ्या स्वतःच्या मशीनवर पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या आणि पहाटे तिसऱ्या फेरीत लाल ओळी सुरू झाल्या. स्टिक बदलली, तरी त्याच स्लॉटमध्ये पुन्हा एरर. मदरबोर्ड गेला असं समजून बसलो होतो. मग टॉर्च धरून बघितलं: माझ्या बोर्डावर स्लॉटच्या एकाच टोकाला खिट्टी आहे. ती लागली होती, पण दुसरं टोक केसभर वर राहिलं होतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबल्यावर ‘खट्’ झालं आणि त्या रात्री चारही फेऱ्या स्वच्छ. तुमची नवी स्टिक कोणी घाईत बसवली असेल, तर हेच आधी बघा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात जातात, मॅन्युअलमध्ये खात्री करा. हात घालण्याआधी वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. संपर्कपट्टी खोडरबरने घासू नका, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

रॅम निर्दोष निघाली, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा, मग चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ दिसू लागला तर रोख हार्डवेअरकडे: तापमान, व्होल्टेज, प्रोसेसर. इव्हेंट व्ह्यूअरमधला (विंडोजच्या नोंदवहीतला) ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून मात्र नवा पॉवर सप्लाय आणू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच तो सांगतो. विंडोजमधल्या ड्रायव्हर तपासणाऱ्या ड्रायव्हर व्हेरिफायरला सध्या हात लावू नका. तो मुद्दाम क्रॅश घडवतो, आणि मशीन सुरूच होईना झालं तर सेफ मोडमध्ये जाऊन तो रीसेट करत बसावं लागतं.

दोष सापडून दुरुस्त झाला की मगच विंडोज एकदा नव्याने टाका, आताच्या फाइलींवर माझा भरवसा नाही. तोवर सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ऑटोमॅटिक रीस्टार्टची खूण काढून ठेवा, म्हणजे कोड निवांत वाचता येईल. मेमटेस्टचा निकाल आणि दोन्ही स्टिकवरच्या स्टिकरचे फोटो दाखवा, पुढचं त्यावरून ठरवू.