टोळी निघायच्या आत

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सीईटीला चांगले पर्सेंटाइल पडलेली मुलगी कॉलेज सोडून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली म्हणून तू खचलीयस. मुलांना जिद्द कशी शिकवू, रविवारच्या वर्गाला एखादा वक्ता बोलवू का, असं विचारतेस. नको बोलवू. पहाटे अंधारात, पाचटाने हात चिरलेले असताना मोळ्या बांधणाऱ्या पोरीला जिद्द शिकवायला आपण कोण?

मला एवढंच सांग, तिची जातवैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची समितीकडून होणारी पडताळणी, कुठे अडकली होती? तुझ्या चार पानांत त्याबद्दल एक ओळ नाही. राखीव जागेवर प्रवेश मिळाला, मुदतीत वैधता दिली नाही, की ती सवलत गेली. मग फीचा आकडा बघून बाप टोळी नेणाऱ्या मुकादमाकडूनच आणखी उचल, म्हणजे मजुरीवरचे आगाऊ पैसे, घेणार ना!

म्हणून आधी कागद. अभ्यास तर ती मुलं करतातच.

आणि कागद कधी? बारावीच्या निकालानंतर नव्हे. अकरावी सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजमार्फत वैधतेचा प्रस्ताव टाकता येतो. त्यानंतर दसऱ्यापर्यंतच आईबाप गावात असतात. एकदा टोळी गेली की वडिलांची सही आणायला तू कोल्हापूर-सांगलीच्या फडात जाणार आहेस का? मी गेलेय. परत जायची हौस नाही.

जातीचा पुरावा कसा शोधायचा ते नीट ऐक. भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७च्या, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. गेलेच नसतील तर चुलत आजोबा बघ, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद बघ. ती मोडीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. रजिस्टरात 'बाबू', वडिलांच्या दाखल्यावर 'बाबुराव', आधारवर 'बाबासाहेब', हे तर घरोघरी. त्याचं प्रतिज्ञापत्र आजच कर. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालीय का, हे म्हातारीला विचार. बापाला माहीत नसतं, तिला असतं.

नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावरची मुदत बघत जा, ती ३१ मार्चला संपते. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे पडतात; ते खातं कुठलं, हे पोरांना ठाऊक नसतं. होस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेचा अर्जही असाच कुणी सांगितलं नाही म्हणून राहून जातो.

कॉलेजात मला 'सेतूवाल्या बाई' म्हणायचे. प्राध्यापिकेने शिकवावं, तहसीलच्या पायऱ्या झिजवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणोत बापडे. मी शिकवलेल्या कविता कुणाला आठवतात देव जाणे, पण ज्यांचे दाखले निघाले त्यांतली काही पोरं आज नर्स आहेत, ओव्हरसिअर आहेत. माझ्या लेकीच्या बारावीच्या वर्षी मी घरी कमी आणि समितीच्या कार्यालयात जास्त असायचे. ते तिने अजून मनातून काढलेलं नाही. मला वाईट वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन, हे तिलाही माहीत आहे.

चिडले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मुलांसाठी रडणारी माणसं थोडी असतात. पण रडून झालं की आईबापांच्या ओट्यावर जाऊन बस. बायका आधी विचारतील की होस्टेलला बाई आहे का, रात्री दार कोण लावतं. ते तिथे जाऊन बघून आलेली अस. मुलीचं लग्न उरकून नवा कोयता, म्हणजे तोडीला जाणारी नवरा-बायकोची नवी जोडी, करायचं घरात ठरत असेल, तर तिच्या भविष्यावर भाषण देऊ नकोस. होस्टेलचा अर्ज भरून ने आणि बापाला म्हण, इथे सही करा.

त्या मुलीचं सगळं संपलेलं नाही. टोळी मार्च-एप्रिलात परतेल, तोवर तिच्या आजोबांची शाळा शोधून ठेव. उताऱ्याचा फोटो मला पाठव, आणि या वेळी उजेडात काढ. मागच्या फोटोत तुझ्या अंगठ्याखाली जातीचा रकाना गेला होता.

तुझी,
बाई